माझीच नक्कल

‘आमेन’ म्हणून डोळे उघडले, तर डब्यात भाकरी नाही. तिच्या जागी ग्रीसनं माखलेला चिंध्यांचा बोळा. आणि समोर वाळूजच्या आमच्या कारखान्यातलं सगळं खातं, दात काढून.

“चमत्कार झाला की रं, मिलोवाल्या!” सुपरवायझर ओरडला. वैजापूरकडचा, पाटलाच्या घरचा माणूस. “म्हण तुझ्या येशूला, दे परत!”

मिलो म्हणजे दुष्काळात वाटलेली तांबडी ज्वारी. माझा आजा तिच्यासाठी बाटला, ही त्यांची पक्की समजूत. आजाचा बाप्तिस्मा दुष्काळाच्या कितीतरी आधीचा. पण सांगणार कुणाला? मला नकला फार छान जमतात. मी गुडघे टेकले, आभाळाकडं तोंड केलं आणि त्या बोळ्याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या भाविकाची, म्हणजे माझीच, नक्कल केली. काय टाळ्या पडल्या! जेवण नाही, टाळ्या.

शेजारच्या, पत्रा कापायच्या प्रेसवरचा दत्तू तेवढा हसला नाही. त्यानं आपली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

खंडेनवमीला जो तो आपापलं मशीन पुजतो. मी माझी प्रेस धुऊन, पुसून आरशासारखी केली. हार दत्तूनं घातला. मी हळदकुंकू वाहिलं नाही, पेढा घेतला नाही. सुपरवायझरला हात जोडून म्हणालो, “साहेब, राग मानू नका. माझा देव एकच.”

“माजलास,” तो म्हणाला.

पुढच्याच रविवारी मी चर्चमध्ये उपासनेला गेलो होतो. माझ्या जागी दत्तू ओव्हरटाइमला उभा राहिला. माझ्या प्रेसनं त्याची बोटं खाल्ली.

खात्यात एकच बोलणं. ह्यानं पूजली नाही, म्हणून प्रेस कोपली.

दवाखान्यात डबा घेऊन गेलो. दत्तूच्या आईनं तो दाराबाहेर जिन्यात भिरकावला. “माझ्या लेकराची बोटं खाऊन पोट नाय भरलं व्हय रं तुझं? आता मंतर टाकाया आलास?”

मी खाटेवरच्या दत्तूकडं पाहिलं. तू तरी बोल. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

घरी येऊन गुडघे टेकले. देवा, माझ्यामुळंच का? मी तुझ्या दारात गाणी म्हणत होतो, तेव्हा त्याचा हात चिरडत होता? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही.

मी ठेक्यावरचा कामगार. सुपरवायझरनं तोड काढली, “उद्या समद्यांसमोर प्रेसपुढं नारळ फोडायचा, नाक घासायचं. नायतर गेटबाहेर.”

बायको म्हणाली, “फोडा की. येशूला तुमच्या मनातलं कळत नाय व्हय? लेकरांनी काय खायाचं?”

तिचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी खातं गोळा झालं. नारळ हातात आला. पश्चात्तापाची नक्कल तर मी झोपेतही केली असती. टाळ्या पडल्या असत्या, नोकरी राहिली असती. हात वर गेलासुद्धा. गुडघे वाकायला लागले. आणि एकदम त्या बोळ्याच्या ग्रीसचा वास नाकात आला.

मी नारळ अलगद खाली ठेवला. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं.

“साहेब, दत्तूचं दुःख माझं आहे. पाप माझं नाही. नाक घासणार नाही.”

“मग चल, नीघ!”

“जेवून निघतो.”

त्यांच्या मधोमध बसलो, डबा उघडला. मोठ्यानं प्रार्थना केली, दत्तूचं नाव घेऊन. या वेळी डोळे मिटले नाहीत. एकेकाच्या तोंडाकडं बघत ‘आमेन’पर्यंत गेलो. कुणी हसलं नाही. कुणी थांब असंही म्हणालं नाही.

नोकरी गेली. आता चिकलठाण्याला मिळेल ते काम करतो. दत्तू रस्त्यात दिसला की पलीकडं जातो. मी हाक मारायची सोडत नाही.

नकला अजून करतो. सुपरवायझरची करतो, आमच्या चर्चच्या पाळकांचीही करतो, लोक पोट धरून हसतात. जुने सोबती भेटले की गुडघ्यावर बसलेल्या त्या भाविकाची फर्माईश अजून येते. त्याची नक्कल मी कुणासमोरही करणार नाही. भाकरीसाठी तर नाहीच.