डोळे मिटून घेतलेलं माप

आमचे हे डोळे मिटून माप घेतात, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं, बसल्या बसल्या डुलकी लागली. पण हात तर चालू होते. म्हटलं, हा काय नवा प्रकार?

मला मेलीला एकदा प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत घास गोड लागत नाही. हे नदीवरच्या बोटींची टू-स्ट्रोक इंजिनं दुरुस्त करतात. कामाचं टेबल घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे रॉकेलच्या वासात माझा संसार झाला आणि न शिकता निम्मी मिस्त्रीण मीही झाले. पिस्टनवर रिंग असते. ती अखंड नसते, एका जागी कापलेली असते आणि त्या दोन टोकांमध्ये थोडी फट लागतेच. का? तर इंजिन तापलं की रिंग फुगते. फट कमी पडली तर टोकाला टोक भिडतं, रिंग सिलिंडरच्या भिंतीवर रेटते आणि इंजिन जागच्या जागी जाम. फट जास्त झाली तर इंजिनाचा दम जातो. म्हणून नवी रिंग आधी नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवायची, पिस्टन उलटा धरून ढकलून ती सरळ करायची आणि फटीत फिलर गेजची पाती घालून बघायची. गेज म्हणजे पोलादी पात्यांचा गुच्छ, प्रत्येकीवर जाडीचा आकडा कोरलेला. पाती किंचित घासत, कुरकुरत गेली पाहिजे. लोण्यात सुरी शिरावी तशी शिरली तर फट मोठी.

"डोळे मिटून काय मोजता हो?" मी विचारलं.

"हाताला कळतं."

"मग देवानं डोळे कशाला दिलेत?"

"तुझ्यावर लक्ष ठेवायला."

बोलणं टाळायची यांची हीच रीत. चेष्टा केली की हे मोकळे.

पण मी काही सोडणारी नव्हे. लक्ष ठेवलं. हल्ली वर्तमानपत्र नुसतंच मांडीवर असायचं. चहाचा कप उचलायच्या आधी बोटं कड चाचपायची. आणि पाती निवडताना हे आकडा बघतच नसत, सगळ्यात वरची घ्यायची की काम सुरू. एका सकाळी हे आंघोळीला गेल्यावर मी गेज उजेडात धरलं. रिंगेच्या फटीला लागणारी तीसची पाती सगळ्यात वर लावून ठेवली होती, बाकीच्या कशाही मागेपुढे. वाचावं लागू नये म्हणून!

गेज होतं तसंच जागेवर ठेवलं नि कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. मिस्त्रीला दिसत नाही असं एकदा धक्क्यावर पसरलं की कोण आणेल इंजिन? आणि इंजिन नसलं की या माणसाचं उरतं काय? त्या टेबलाशिवाय मी यांना कधी पाहिलेलंच नाही.

अशात नावाडी आला. शाळेची पोरं पलीकडे नेतो-आणतो तो. इंजिनाला नवी रिंग घालायची होती. यांनी डोळे मिटले, पाती सरकवली आणि म्हणाले, "अगदी बरोबर! कानससुद्धा नको." मला जरा नवल वाटलं, कारण फट वाढवायला नव्या रिंगेच्या टोकांना यांची थोडी तरी कानस लागतेच. नावाडी मात्र खूश. इंजिन बसवून घेऊन गेला.

दुपारी जेवायला बसलो. आमची सूनबाई नुकतीच घरात आलेली, भारी उत्साही, हाताला सतत काम हवं. म्हणाली, "बाबा, तुमचं गेज किती कळकट झालं होतं! काल मी पात्या सुट्या करून धुतल्या आणि सगळ्यात पातळ वर, जाड खाली अशा नीट रांगेनं लावल्या."

यांचा घास हातातच राहिला. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. मला सगळं ठाऊक आहे, हे यांना तेव्हा कळलं.

"चुकलं का काही?" सून घाबरली.

हे ताडकन उठले. हात धुतले न धुतले, मुलाच्या चपला पायात अडकवल्या आणि धक्क्याकडे सुटले. मागून मी, माझ्यामागून सून. शाळा सुटली होती, पोरं बोटीत बसली होती. नावाड्यानं दोरी ओढायला हात घातला होता.

"थांब! सुरू करू नकोस!"

"काय झालं, मिस्त्री?"

मला वाटलं, आता म्हणतील, रिंगच खराब निघाली. सहज खपलं असतं. पण सगळ्यांदेखत यांनी सांगून टाकलं, "मला पातीवरचा आकडा दिसत नाही. माप चुकलंय. पोरं उतरव."

इंजिन परत टेबलावर आलं, सिलिंडर उघडला. सूनबाईनं आकडे वाचत तीसची पाती काढून यांच्या हातात दिली. यांनी डोळे मिटले. पाती फटीला टेकली आणि तिथंच अडली. पुन्हा टेकवली. शिरेचना.

"भर पाण्यात जाम झालं असतं," नावाडी हळूच म्हणाला. "प्रवाह बंधाऱ्याकडे ओढतो."

हे मान खाली घालून उभे. माझा जीव तुटत होता.

"कधीपासून दिसत नाही?" त्यानं विचारलं.

"बरेच दिवस."

"म्हणजे माझ्या भावाचं इंजिन?"

"असंच केलं."

नावाड्यानं टेबलावरची कानस उचलली. मग म्हणाला, "ते तर झकास चालतंय हो. बरं, कानस घ्या. पण यापुढे आकडा सूनबाईंनी वाचायचा, मला ऐकू जाईल असा."

सुनेचे डोळे भरून आले होते. "बाबा, पात्या तुमच्यासारख्या लावून देते परत."

"नको. राहू देत रांगेत. वाचणारी तू आहेस ना."

इंजिन गेल्यावर मी यांना फैलावर घेतलं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, मी बरोबर येणार, बोलायचं काम नाही. हे नुसतं "बरं" म्हणाले, चेष्टा नाही की काही नाही. मग मला राहवेना.

"दिसतच नव्हतं, तर डोळे मिटायचात तरी कशाला? उघडे काय नि मिटलेले काय!"

हे फडक्याला हात पुसत राहिले.

"उघडे ठेवले की वाटायचं, जरा नीट बघितलं तर दिसेल," म्हणाले. "त्या आशेत हात चुकायचा."