जट म्हणायचं नाही

माझ्या मुलीच्या डोक्यावर तेव्हा जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे केस होते आणि त्यांचे तिला ड्रेड्स, म्हणजे दोऱ्यांसारख्या घट्ट बटा, करून हवे होते. मी म्हटलं, आधी वाढव तरी. ती म्हणाली, वाढायची वाट कशाला बघायची, असल्या केसांचे ड्रेड्स आखूड असतानाच सुरू करतात. हे ती डचमध्ये म्हणाली. अकराव्या वर्षी ती सगळं डचमध्येच म्हणायची. मराठी तिला पूर्ण कळतं, पण उत्तर मराठीत द्यायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं.

केस तिने बापाचे उचललेत. नवरा माझा कुरासावचा, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या डच बेटावरचा. ग्रोनिंगनला शिकत असताना आम्ही भेटलो आणि पुढे नोकऱ्यांच्या मागे हेगजवळच्या झूटरमेरला येऊन पडलो. तो स्वतः डोकं तासून मोकळा झाला होता, त्यामुळे लेकीच्या केसांशी झुंज माझ्या वाट्याला आली. बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखा तिचा एकेक केस. मी कोल्हापूरहून आणलेल्या कंगव्यांचे दात त्यात मोडले. दर रविवारी ती रडायची, मी ओरडायची, आणि नवरा काहीतरी काम काढून घराबाहेर जायचा. शेवटी त्या हिवाळ्यात तिने केस कापूनच टाकले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

आणि आता हे. दोन हजार सोळाचा मार्च असेल. माझी नणंद रॉटरडॅमला राहते, आपल्याच स्वयंपाकघरात बायकांचे केस करते. ती सकाळीच आली. लेकीला खुर्चीवर बसवलं, डोक्यावर शेपटीवाल्या कंगव्याने छोटे छोटे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनातल्या केसांना जरासं पाणी आणि कोरफडीचा गर लावला आणि कंगव्याचं टोक आत खुपसून एकाच दिशेने फिरवत गेली. केस आपणहून गोल गोल वळत होते. मी बघत उभी राहिले, मग भांडी घासली, मग परत येऊन बघितलं, मग धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. नणंदेने जाताना मला बजावलं: तीन आठवडे डोकं भिजवायचं नाही, कंगवा लावायचा नाही, तेल तर अजिबात नाही. केस आत एकमेकांत अडकेपर्यंत हे पीळ कच्चे असतात, तेलाने निसटून जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तू हात लावू नकोस. मला ती चांगली ओळखते.

आईला फोनवर मी सांगितलं, पोरीने केसांना पीळ घातलेत, इकडची फॅशन आहे. पीळ हा मी मुद्दाम शोधलेला शब्द. खरा शब्द तोंडात आला होता, तो मी गिळला. गडहिंग्लजच्या पलीकडे, आईचं माहेर आहे त्या बाजूला, केसांचा असा गुंता झाला की त्याला जट म्हणतात, आणि जट आली म्हणजे देवी आली. ती विंचरायची नाही, कापायची नाही, तिला हळदकुंकू वाहायचं. लहानपणी आजोळी बाजाराच्या दिवशी कपाळभर भंडारा लावलेल्या जोगतिणी दिसायच्या, देवीच्या नावाने जोगवा मागत फिरणाऱ्या. त्यांच्या पाठीवरची जाड जट दिसली की आई माझा हात इतका घट्ट धरायची की तो दुखायचा. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. आईला एक थोरली बहीण होती, तिच्याबद्दलही कुणी बोलत नसे. ती लहानपणीच देवाकडे गेली, एवढंच ऐकलेलं. त्यावरून मी समजायचं ते समजले होते.

आई तीन आठवड्यांनी येणार होती, तीन महिन्यांसाठी. ते तीन आठवडे मी कुठेही धड टेकले नाही. सकाळी लेक उठायच्या आत जाऊन तिचं डोकं बघायची. मानेजवळचे पीळ सुटत होते, कपाळावरचे पिसारत होते, आणि मला वाटायचं, आईने हे असलं अर्धवट बघण्यापेक्षा एकतर नीट होऊ दे नाहीतर सगळंच सुटू दे. बोट पुढे गेलं की उशीतून आवाज यायचा, "आफब्लायव्हन." म्हणजे हात लावू नको. लेक मजेत होती. शाळेत म्हणे तिच्याकडे सगळे बघत होते आणि तिला ते आवडत होतं. आजी येणार म्हणून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुलं काढली होती. मागच्या वेळी आजी आली तेव्हा ही सोफ्यावर तिच्या मांडीवर डोकं ठेवून तासन्‌तास पडायची, आणि आजी त्या केसांतून बोटं फिरवत टीव्हीवरचं न कळणारं डच ऐकत बसायची.

विमानतळावर आईने नातीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, तो हात मानेपर्यंत गेला आणि तिथून परत खाली आला. मी बघितलं. पोरीने पण बघितलं.

पुढचे काही दिवस आई सगळ्यावर बोलली. थंडीवर, इथल्या फिक्या मिरच्यांवर, सायकलवर तीन पोरं घेऊन जाणाऱ्या बायांवर. केसांवर अवाक्षर नाही. नात शेजारी येऊन बसली की आई काहीतरी आणायला उठायची. लेक मांडीवर डोकं ठेवायची तर आई उशी मध्ये सरकवायची आणि हात स्वतःच्या पदरात ठेवायची. मला संताप यायचा. आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलेली बाई, आणि पोरीच्या डोक्याला शिवत नाही. मी ऑफिसला जाताना ट्राममध्ये मनातल्या मनात तिच्याशी भांडायची, घरी येऊन मात्र काही बोलायची नाही. एका संध्याकाळी लेकीने भाजी चिरताना मला विचारलं, आजी माझ्या केसांना घाबरते का? मी म्हटलं, छे गं, काहीतरीच. तिने मान हलवली आणि पुढचा कांदा चिरायला घेतला. खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही.

बुधवारी इथल्या शाळा साडेबारालाच सुटतात. मी हेगला ऑफिसात, नवरा कामावर, त्यामुळे घरी दोघीच. मी पाचला दार उघडलं आणि खोबरेल तेलाचा वास आला. गरम केलेल्या तेलाचा. आई सोफ्यावर बसली होती, समोर वाटी, कोपरापर्यंत हात तेलकट. लेक वर न्हाणीघरात. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. ती आरशासमोर उभी होती. डोक्यावर एक पीळ उरला नव्हता, नुसते चकचकणारे केस चहूकडे उभे. ती रडत होती, पण आवाज न करता, आणि त्याने मी जास्तच भडकले. मी म्हटलं, अगं, तू थांबवायचं नाहीस का आजीला, तुला माहीत होतं ना तेल चालत नाही?

ती डचमध्ये म्हणाली, माहीत होतं. पहिला हात लावला तेव्हाच कळलं होतं सुटणार म्हणून. "पण तिने माझ्या डोक्याला हात लावला होता. मी कशी उठणार?"

मी खाली येऊन आईला नको ते बोलले. तू अडाणी आहेस म्हणाले. पोरांना जन्मभर थर्मामीटर दाखवलंस आणि शेवटी देवीला भ्यालीस म्हणाले. तुझ्यापेक्षा माझी नणंद बरी, निदान तोंडावर बोलते, असंही म्हणाले. आणि मग तो शब्द म्हटला. जट नाहीये ती, आई, म्हटलं. आई सगळं ऐकून घेत होती, त्या शब्दावर तिने मान वर केली.

"ताईचं डोकं विंचरायचं काम माझं होतं," ती म्हणाली.

मला कळेना, कुठली ताई. मग कळलं, तीच, आईची थोरली बहीण. ताई दहा वर्षांची, आई सात. ताईला ताप आला, महिनाभर उतरला नाही. माझी आजी, म्हणजे त्यांची आई, शेतावर मजुरीला जायची. जाताना वाटीत तेल काढून ठेवायची आणि आईला सांगायची, ताईच्या डोक्याला लाव, गुंता काढ. पहिले दोन दिवस आईने लावलं. ताई कण्हायची, केस ओढले की मारायची, तर आई तेल कुत्र्याला पाजून खेळायला पळायची आणि संध्याकाळी सांगायची, लावलं. ताप उतरला तेव्हा मानेमागे केसांचा गोळा झाला होता. शेजारची बघायला आली, म्हणाली, देवी आली. मग त्याला कुणी हात लावेना. वर्षभराने ताईला डोंगरावरच्या देवीकडे नेऊन गळ्यात माळ घातली. देवाकडे गेली म्हणजे ती मेली नव्हती. देवाला दिली होती. मी चाळीस वर्षांची होईपर्यंत चुकीचं समजत होते आणि आईने ते तसंच राहू दिलं होतं. ती पुढे कुठल्या गावांतून जोगवा मागत फिरली, हे आईला नंतर थोडंफार कळलं, पण ती भेटायला गेली नाही. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी माझा हात घट्ट धरून आई प्रत्येक जोगतिणीचं तोंड बघत होती.

"देवी नसते, ते मला माहीत आहे," आई म्हणाली. "तेल लावायचं राहिलं होतं, एवढंच."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी वाटी उचलून आत नेली, परत आणली. लेक जिन्यात बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि मराठी तिला सगळं कळतं.

दोन दिवसांत तीन वेळा शाम्पू करून तेल काढलं. नणंदेला फोन केला, तिला शनिवारी जमणार नव्हतं. मी प्रयत्न केला, तर माझ्या हातून एक पीळ उजवीकडे, एक डावीकडे. लेकीने माझ्या हातातून कंगवा काढून घेतला, जाऊन आजीच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि तो मागे धरला. आईने तो कंगवा घेतला. मग तिने तो बाजूला ठेवला, पाण्यात बोटं बुडवली आणि मी मोबाईलवर नणंदेचा व्हिडिओ लावायच्या आत चिमटीत केस धरून वळायला लागली. जन्मभर वाती वळलेली बोटं. नणंदेपेक्षा बारीक, सगळे पीळ एका दिशेला. मी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

अर्धं डोकं झाल्यावर आई थांबली. माझ्याकडे न बघता विचारलं, हे पुढे घट्ट झाले की मग कापता येतात ना? तिला नको झाले तर?

मी तोंड उघडायच्या आत लेक उठली. स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आली, मानेजवळचा आत्ताच झालेला एक पीळ चिमटीत धरला आणि मुळाशी कचकन कापला. आजीचा हात ओढून तो तिच्या तळव्यावर ठेवला आणि परत पाठ करून बसली.

आई तळव्याकडे बघत राहिली. मग तिने मूठ मिटली, ती तशीच कमरेला खोचलेल्या पदरात रिकामी केली, आणि दुसऱ्या हाताने नातीचं डोकं पुढे वाकवलं.

"एवढाच," ती म्हणाली. "आता दुसरा कापू नकोस." आणि पुढच्या चौकोनाला तिने पाणी लावलं.