आमचा माणूस, तुमचा माणूस

माझ्या औषधांच्या दुकानाची पायरी चढताना ते गृहस्थ डावी मूठ हनुवटीपाशी न्यायचे, उजवी छातीजवळ धरायचे आणि म्हणायचे, "गार्ड खाली घ्यायचा न्हाय, मेडिकलवाले." मग रक्तदाबाच्या गोळ्या मागायचे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याचं पोट एका धंद्यावर आणि जीव भलत्याच गोष्टीवर. या गृहस्थांची उमर सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात गेली. बॉक्सिंगचे ग्लोव्हज त्यांनी कधी हातात घातले नव्हते. बायको वारलेली, मुलगी हैदराबादला. घरी तेलुगू बोलायचे म्हणे, पण घरी बोलायला होतं कोण?

दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझ्या बाकावर त्यांची बैठक असे. जवळच्या कुंभारी गावाहून त्यांचे एक मित्र यायचे. ते फौजेतून निवृत्त झालेले, तिथं बॉक्सिंग खेळून नाक कायमचं वाकडं करून घेतलेले. दोघांचा वाद एकच, आजवरचा सर्वांत मोठा हेवीवेट चॅम्पियन कोण? दोघंही नाव म्हणून घ्यायचे नाहीत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसं काहीतरी. गृहस्थांचा लाडका जुन्या काळातला, पायांवर नाचणारा, गेलेला पट्टा परत मिळवणारा. तो 'आमचा माणूस'. फौजींचा आजच्या काळातला, धिप्पाड. तो 'तुमचा माणूस'.

"तुझा माणूस माझ्या माणसाच्या छातीला लागंल," फौजी म्हणायचे.

"उंचीवर असतं तर इजेचा खांब चॅम्पियन झाला असता की."

"आजचा खुराक, आजची ट्रेनिंग बघ."

"समोर कोण हुबा व्हता ते बघ आधी. आमच्या माणसासमोर एकेक वाघ व्हता."

चहा गार व्हायचा. उद्या बघतो तुला, असं म्हणून फौजी उठायचे आणि उद्या खरंच यायचे.

मग फौजींना कुंभारीचा रस्ता आठवेनासा झाला. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला.

बाकावर आता गृहस्थ एकटेच. "तुमी बोला की," ते मला म्हणाले. मी मोबाइलवर दोन-चार लढती पाहिल्या आणि फौजींची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. पण त्यांनी जरा आवाज चढवला की मी मान डोलवायचो.

"लगेच व्हय म्हणू नका," ते एकदा चिडले. "गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोलताय माझ्याशी."

दिवाळीनंतर ते पुण्याला जाऊन आले.

"भेटले?"

"भेटला. वळखलं न्हाय. सून नीट बघती, कापडं सोच्छ." गोळ्यांची पट्टी त्यांनी उगाच उलटीसुलटी केली. "मी इषय काढला. म्हनलं, आमचाच माणूस मोठा. तर व्हय म्हनला. तुझा नुसताच उंच, म्हनलं. त्येला बी व्हय म्हनला."

मी ती पट्टी त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत घातली.

"जिंकलो म्हनायचं," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

त्यानंतर त्यांनी वेगळंच सुरू केलं. "आज मी फौजीकडनं बोलतो. तुमी माझ्याकडनं." आणि बोलायचे असे, की समोर फौजीच बसलेत वाटावं. तसेच हिंदी शब्द, तसाच मांडीवर थाप मारायचा झटका. त्यांच्या लाडक्याच्या चुका त्यांनी अशा काही काढल्या, की मला खरंच राग आला आणि मी काउंटरवरून भांडू लागलो. त्यांचा चेहरा उजळला. "हां, आसं."

एका दुपारी मात्र ते वाद मध्येच सोडून म्हणाले, "फौजीचं खरं असंल हो. आजच्या पोरांचा ठोसा लई जड. म्या कबूल केलं न्हाय कधी." त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. सुनेनं फोन सासऱ्यांच्या कानाला धरला असावा. "तुझा माणूस मोठा रे," ते मोठ्यानं म्हणाले. "हरलो मी." बराच वेळ त्यांनी फोन कानाला तसाच ठेवला.

"काय म्हणाले?"

"श्वास ऐकू येत व्हता."

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच. हैदराबादहून मुलगी आली, घर आवरलं आणि जाताना उरलेल्या गोळ्या परत द्यायला दुकानात आली. बाहेर रिक्षा उभी होती.

"नान्ना, म्हणजे वडील, रोज इथं यायचे म्हणे. काय बोलायचे?"

"बॉक्सिंगबद्दल."

"बॉक्सिंग? आमचे नान्ना?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.

मी त्यांच्या लाडक्याचं नाव सांगितलं. तिनं उभ्या उभ्याच फोनवर ते शोधलं आणि हाताला लागली ती लढत लावली. छोट्या पडद्यावर एक माणूस मागं मागं सरकत नाचत होता.

"यात जिंकतात का ते?"

"नाही. ही लढत हरतो."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं हातानंच त्याला थांबायला सांगितलं आणि लढत शेवटपर्यंत पाहिली.