‘इतर’ नावाचा फोल्डर

दिनांक ८ फेब्रुवारी १९९९ रोजी आम्रपाली लोखंडे हिने चिंचमळ्याच्या विकास सोसायटीकडून एक हजार आठशे रुपये उचल घेतली आणि व्हाउचरवर ठसठशीत सही केली. सोसायटीला पन्नास वर्षे होत होती. कपाटातले सगळे जुने फोटो स्कॅन करायचे, संगणकात लावायचे आणि सांगलीहून सीडी करून आणायची, असे ठरले. उरलेले साडेतीनशे काम झाल्यावर मिळणार होते.

विट्याच्या स्टँडमागे तिचे डीटीपीचे दुकान होते. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाची पत्रके यांवर पोट चाले. पण जीव होता तो फोटो लावायच्या एका सॉफ्टवेअरवर. पडद्यावर फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसायचे. प्रत्येकाला माणसांची नावे, साल, प्रसंग असे हवे ते शब्द जोडायचे. मग नाव टाइप केले, की त्या माणसाचे सगळे फोटो पुढ्यात हजर. ते मराठी अक्षरे घेत नसे, म्हणून नावे इंग्रजी लिपीत लिहावी लागत.

चेअरमन आकाराम निकम यांना गाव आण्णा म्हणे. फोल्डर कोणते करायचे ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. मान्यवर, सभासद आणि इतर.

महिन्याने ते दुकानात काम बघायला आले. मान्यवरांत आपल्या वडिलांचे फोटो बघून खूश झाले. मग एका फोटोवर त्यांचे बोट थांबले. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या गोदामाचा पाया खणला, तेव्हाचा तो फोटो. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, हातात पहारी घेतलेले गडी.

“ह्यो सभासदांत कशाला? इतरात टाक.”

“आवं आण्णा, गोदाम ह्यांनीच बांधलंय की.”

“मजूर होती ती. धान्य घिऊन गेली, विषय संपला.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “तुझी आई हाय व्हय त्यात?”

“हाय. दुसरी उभी हाय ती मुक्ताबाई. तिचं नाव मला कुणाला विचारावं लागलं न्हाई. बाकीच्यांची दारोदार हिंडून गोळा केलीत.”

आण्णांनी नावांवरून नजर फिरवली आणि पोट धरून हसले. मधल्या उंच माणसापुढे लिहिले होते, ‘सिद्धूचा बाप’.

“सरकारदरबारी ह्येच नाव लावतोय व्हय गडी? पोरी, ज्याला नाव न्हाई त्यो इतर. आन एक इतर, तर अख्खा फोटो इतर!”

आम्रपालीचे कान तापले. चूक तिचीच होती. वस्तीवरच्या दगडाबाईने फोटोतला एकेक माणूस ओळखला होता. मधल्या माणसापाशी मात्र पदर तोंडाला लावून “आमचं मालक” एवढेच म्हणाली. नवऱ्याचे नाव त्या वयाची बाई घेत नाही. शेजारीण म्हणाली, “लिव्ह की, सिद्धूचा बाप.” घाईत आम्रपालीने तेच लिहून घेतले.

तिने दुकानाला कुलूप घातले आणि दुपारच्या एसटीने चिंचमळा गाठला. दगडाबाई शेळ्यांना पाला टाकत होती.

“मावशी, नाव न्हाई म्हणून त्येंचा फोटो इतरात चाललाय.”

“इतर म्हंजी?”

“म्हंजी कुणीच न्हाई.”

दगडाबाईने पाला टाकून दिला. “कोन म्हनतंय?”

“आण्णा.”

“चल.”

सोसायटीच्या कचेरीत आण्णा संचालकांसोबत चहा पीत बसले होते. दगडाबाई चप्पल न काढता आत गेली.

“आकाराम, तुझा बा ह्या गोदामाचा नारळ फोडाय आला, तवा पहार कुनाच्या हातात हुती रं?”

“आक्का, बसा. चा घ्या.”

“चा र्‍हाऊ दे. पाया खनताना दगूड पडून माझ्या मालकाची दोन बोटं गेली. ती अजून तुझ्या गोदामाखाली हायती. आन त्यो कुनीच न्हाई व्हय?” ती आम्रपालीकडे वळली. “कोंडीबा. कोंडीबा बाळा खुडे. लग्नात उखाण्यातनं घेतलं, त्यावर आज घेतलं. ल्ही गं.”

एका म्हाताऱ्या संचालकाने बशी खाली ठेवली. आम्रपालीने उभ्यानेच लिहून घेतले.

“बाई काय बी बोलंल,” आण्णा म्हणाले. “सीडीत तीन फोल्डर पायजेत. न्हाई तर राहिलेलं पैसं इसर.”

“ठेवा तुमाला, आण्णा.”

दुकानात परतून तिने ‘सिद्धूचा बाप’ खोडले, कोंडीबाचे पूर्ण नाव टाकले आणि फोटो होता तिथेच, सभासदांत ठेवला. इतरमध्ये आणखी काही फोटो होते: हमाल, सैपाकाच्या बाया, रखवालदार. त्यांची नावे मिळवायला तिला पुढचे दोन आठवडे लागले. फोल्डर मोकळा झाला तेव्हा तिने तो काढूनच टाकला आणि सांगलीहून सीडी करून आणून कचेरीत दिली.

पन्नास वर्षांनिमित्त सोसायटीने काढलेल्या स्मरणिकेत पायाचा फोटो छापला गेला नाही. पण समारंभाच्या दिवशी दगडाबाई कचेरीत आली, सोसायटीच्या नव्या संगणकापुढे स्टूल ओढून बसली आणि क्लार्कला म्हणाली, “माझा मालक दाव.” क्लार्कने नाव विचारले. तिने ते बाहेर मांडवात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितले. कोंडीबा पडद्यावर आला, पहारीसकट.

आम्रपालीचे साडेतीनशे रुपये सोसायटीकडून येणे आहेत.