कानाला लागलेला हात

माणूस पाहिला की त्याला कुठं चिकटवावं हे पुंडलिकरावांना लगेच सुचायचं. यवतमाळच्या एका कॉलेजात ते मोठे बाबू, आणि त्याआधी घाटंजीकडच्या एका तांड्यावर अकरा वर्षं मास्तर. पोरं बी.एस्सी., एम.ए. होतात आणि चौकात बिड्या फुंकत बसतात. जी दोन-चार संशोधनाकडे वळतात त्यांनाही पुढचं सांगणारं कुणी नाही. म्हणून १९६४ साली त्यांनी प्राचार्यांचा पिच्छा पुरवून एक खोली मिळवली. मार्गदर्शन केंद्र! प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड: शिक्षण, आवड, सल्ला आणि शेवटी अभिप्राय. योजना चांगलीच होती, खोटं कशाला बोला. उद्घाटन पंधरा ऑगस्टला ठरलं आणि केंद्रप्रमुख म्हणून पाटीवर त्यांचं नाव रंगवूनही झालं.

पहिलं कार्ड देवसिंगचं. तांड्यावरचा पहिला एम.एस्सी., पुंडलिकरावांच्याच हाताखाली मुळाक्षरं गिरवलेला. कपाशीच्या बोंडअळीपलीकडे त्याला जगात काही दिसत नसे. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधकाची जागा निघाली, पुंडलिकरावांनीच त्याला अर्ज भरायला लावला आणि पोरगा निवडला गेला. आठ दिवस बाबू कॉलेजभर छाती काढून हिंडले.

मग नागपूरहून दुसरं पत्र आलं. एक जुलैला वय पंचवीसच्या आत हवं, दाखल्याप्रमाणे उमेदवार त्या दिवशी सव्वीस वर्षांचा होतो. जन्मतारीख चुकीची असल्यास शाळेत नाव घालणाऱ्या शिक्षकाचं प्रतिज्ञापत्र जूनअखेर पाठवावं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

देवसिंग आईला घेऊनच आला. रुपीबाई खुर्चीवर बसली नाही, दाराशी भिंतीला टेकून बसली.

"मास्तर, उत्तमसिंग माहा मोठा," ती म्हणाली. "तो दोन वर्साचा होता तवा हा झाला. कागदावर हा मोठा अन् तो लहान, असं कसं?"

कसं ते पुंडलिकरावांना चांगलं ठाऊक होतं. पंचेचाळीस साली तांड्यावरची सगळी पोरं त्यांनी एका ओळीत उभी केली होती. उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायचा. लागला तर सहा वर्षं पुरी. त्यात इन्स्पेक्टर येणार होते आणि दुसरीचा वर्ग रिकामा. मग ज्यांचा हात सहज लागला त्यांना मास्तरांनी बेधडक सात वर्षांचं केलं आणि थेट दुसरीत बसवलं. पाच वर्षांच्या देव्याचे हात लांब, तो सात वर्षांचा झाला. सात वर्षांचा ठेंगणा उत्तमसिंग कान गाठता गाठता रडला, तो सहाचा झाला. तारीख सगळ्यांची एकच, एक जुलै. पोरांच्या आया तिथंच झाडाखाली बसल्या होत्या.

"गुरुजी, तुमी फक्त खरं लिहून द्या," देवसिंग म्हणाला. "एवढं एकच काम आहे."

खरं लिहून द्यायचं! म्हणजे तहसील कचेरीत शपथेवर सांगायचं, की मी अंदाजानं वर्षं वाटली, इन्स्पेक्टरला फसवलं. उद्या तांड्यावरची चाळीस पोरं दारात उभी राहतील. पाटीवरचा रंग अजून वाळला नव्हता. पुंडलिकराव भ्याले, आणि भ्यायलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते ओरडले.

"तुमा लोकायले तारीख ठेवाची सवय तरी आहे का? अन् आता माह्यावर ढकलून राह्यली तू? तुह्या नवऱ्यानं सांगितली तेच मी लिहिली."

नवरा वारून सहा वर्षं झाली होती. तो काही साक्षीला येणार नव्हता.

रुपीबाई भिंत सोडून ताठ बसली. "माहा मालक त्या दिवशी तांड्यावर नव्हता, मास्तर. गाडी घेऊन बाभुळगावले गेलता." एवढं बोलून ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

देवसिंग जूनभर येत राहिला. कधी व्हरांड्यात उभा, कधी सायकलशी. एकदा तर त्यानं भर ऑफिसात पाय धरले. पुंडलिकरावांनी पाय सोडवून घेतले आणि कार्डावर सल्ला लिहिला: शिक्षक व्हावे. महागावकडच्या एका तांड्यावर जागा होती, तिथं स्वतः चिठ्ठी दिली. माणूस इतका नीच नसतो की अगदीच काही करणार नाही. जून संपला, नागपूरची जागा गेली.

पंधरा ऑगस्टला देवसिंगला मुद्दाम बोलावून पुढच्या रांगेत बसवलं. मार्गदर्शनाने नोकरीस लागलेला पहिला विद्यार्थी म्हणून प्राचार्यांनी त्याचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या, पुंडलिकरावांच्या गळ्यात हार पडला. चहाच्या वेळी ते त्याच्याजवळ गेले.

"काय म्हणते मास्तरकी?"

"बरी आहे, गुरुजी. जुलैत एकवीस पोरं भरती केली." देवसिंगनं कप खाली ठेवला. "हात कानाले लावून पाहतोच, तुमी शिकवलं तसं. मग माय बाजूलेच बसली असते, तिले विचारतो. अन् ती सांगते तेच लिहितो."

पुंडलिकरावांनी मान डोलावली. खोलीत जाऊन त्यांनी त्याचं कार्ड काढलं. अभिप्रायाची जागा तेवढी कोरी होती. तिथं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, विद्यार्थी समाधानी आहे, आणि खाली सही केली.