मधून कापलेला सूर्य

छत्रीबागेत राहणाऱ्या मालोजीराव फणसे यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. घोड्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवला की जनावराचं वय सांगत, असं घरात अजून सांगतात. मालोजीरावांच्या वाट्याला घोडा आला नाही, पुठ्ठा आला. सांवेर रोडवरच्या एका खोक्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी पुठ्ठा कापला. पण हात तोच. शीट समोर आली की हे डोळ्यांनीच सांगत, यातून मिठाईचे अकरा डबे निघतील. आणि अकराच निघत.

त्यांची रीत एकच. सुरुवात कोपऱ्यापासून. एका आकाराच्या कुशीत दुसरा, दुसऱ्याच्या कुशीत तिसरा, थंडीत एका गोधडीत भावंडं झोपावीत तसे. शेवटी उरलेली कतरन मुठीत मावली पाहिजे. कामावर नवा आलेला कुणी शीटच्या मधोमध कात्री घालायला लागला की ते म्हणत, "भिया, भाकरी मधूनच खायला निघालास? कडा कुणाला वाढणार?"

निवृत्त झाले आणि ते हात रिकामे झाले. दुपार सरता सरेना. इंदिराबाई शेजारणीला हसून सांगत, "आज पोळीचे तुकडे इतके सारखे केले ह्यांनी, फक्त पट्टी लावायची बाकी होती."

मग वरच्या मजल्यावर साताऱ्याचं बिऱ्हाड आलं. श्रीराम आणि स्मिता, दोघंही नोकरीवाले, आणि चार वर्षांची आर्या. नर्सरी सुटल्यावर आई ऑफिसातून येईपर्यंत आर्या खाली राहू लागली. तिच्या सँडलचा टपटप आवाज जिन्यात आला की मालोजीराव पेपर घडी करून बाजूला ठेवत. कुणी विचारलं असतं तर कबूल केलं नसतं, पण सकाळपासून ते त्याच आवाजाची वाट पाहत असत.

एका शुक्रवारी शाळेतून काम मिळालं. कागदाचे आकार कापायचे आणि चिकटवून चित्र करायचं. त्रिकोणाचं छप्पर, चौकोनाचं घर, गोलाचा सूर्य. आर्यानं पिवळा घोटीव कागद घेतला, आपली बोथट टोकाची छोटी कात्री घेतली, जीभ बाहेर काढली आणि कागदाच्या कडेतून सरळ आत शिरली. थेट मधोमध. तिथं पोचून कात्री गोल वळायला लागली.

"अगं, अगं, अगं! मधून नाही!" मालोजीराव ओरडलेच. "सगळी शीट वाया घालवलीस!"

आणि त्यांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला.

रागावले नव्हते ते. चौतीस वर्षं ओरडली होती. कागद मांडीवर घेऊन ते पेन्सिलीनं आखायला बसले, कोपऱ्यापासून, एकाला एक चिकटून. "बघ, फाटली तरी नऊ सूर्य निघतात यातून," असं म्हणत त्यांनी मान वर केली, तर समोर सतरंजी रिकामी. जिन्यात सँडलचा आवाज नव्हता. पोरगी अनवाणीच वर गेली होती.

संध्याकाळी स्मिता दारात आली. "काका, आर्या म्हणते, मला खाली जायचं नाही. खूप रडली. शाळेजवळ एक पाळणाघर आहे, सोमवारपासून तिथं ठेवून बघते. तुम्हालाही किती दिवस त्रास द्यायचा?"

"त्रास कसला," मालोजीराव म्हणाले.

ती गेल्यावर इंदिराबाईंनी कुकरचं झाकण लावता लावता ऐकवलं, "कागद वाचवलात. पोरगी घालवलीत."

शनिवारभर मालोजीराव कापत बसले. पिवळे गोल, लाल त्रिकोण, निळे चौकोन. एकावर एक ठेवले तर केसाएवढा फरक नाही. स्वतः केलेल्या डब्यात ते रचले आणि रविवारी सकाळी वर गेले. आर्या आईच्या मागे लपली होती. त्यांनी डबा उघडून पुढे धरला.

"घे बेटा. सगळं तयार करून आणलंय. आता फक्त चिकटवायचं."

आर्यानं डोकावून पाहिलं. एक गोल उचलला, परत ठेवला.

"सगळं तुम्हीच केलं," ती म्हणाली. "मग मी काय करू?"

कारखान्यात एवढा सुबक डबा पाहून मालक पाठ थोपटायचा. इथं चार वर्षांच्या पोरीनं तो परत केला. मालोजीराव गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले, अगदी तिच्या उंचीला येईपर्यंत.

"आर्या, मला एक येत नाही. मधून कसं कापतात?"

"येत नाही?"

"कधी कापलंच नाही."

तिनं आईकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. हा म्हातारा खोटं बोलत नाही, अशी खात्री झाल्यावर आत जाऊन कोरा हिरवा कागद आणि आपली कात्री घेऊन आली. "इथून जायचं. सरळ. थांबायचं नाही."

छोट्या कात्रीत त्यांचा अंगठा कसाबसा शिरला. हात आपोआप कोपऱ्याकडे सरकला.

"तिकडे नाही!" आर्या त्यांच्याइतक्याच जोरात ओरडली आणि मनगट धरून तिनं त्यांचा हात ओढला. "मध्ये!"

कात्री कोऱ्या, अखंड कागदात शिरली. मालोजीराव थांबले नाहीत. आखलेल्या रेघेवर चालायला सरावलेला हात आखणीशिवाय वळणावर अडखळला. कापून जे हाती आलं ते एका बाजूनं फुगलेलं, दुसरीकडून चेपलेलं.

"हा तर आलू आहे!" आर्या खिदळली. "आजोबांनी आलू कापला!"

"आलूच झाला की," मालोजीराव म्हणाले आणि तेही हसू लागले. हसता हसता त्यांचा हात सवयीनं भोक पडलेल्या कागदाकडे गेला, कडा वाचवायला. मध्येच त्यांनी तो मागे घेतला. आर्यानं कागद उचलून तोंडापुढे धरला होता. भोकातून एक डोळा आणि अर्धं नाक त्यांच्याकडे बघत होतं.

"अजून एक कापा," भोकातून हुकूम आला.

दुसराही बिघडला. तिसरा थोडा बरा आला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि पसंत नाही अशी मान हलवली.

स्मिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आर्या, उद्या नवीन ठिकाणी जायचंय ना आपल्याला? तिथं खूप मुलं आहेत."

"उद्या नाही," आर्या कागदावरून नजर न काढता म्हणाली. "आजोबांना अजून येत नाही."

स्मितानं मालोजीरावांकडे पाहिलं.

"नाही येत," ते गंभीरपणे म्हणाले, आणि चौथ्या कागदाच्या मधोमध कात्री घातली.