साहित्याचे गुण

धावपट्टीच्या टोकाला इंजिन तपासायला घेतलं, की ओझरच्या आमच्या क्वार्टरची तावदानं आधी थरथरत आणि आवाज मागून येई. खोल, लांबट, पोटात उतरणारा. नव्वदच्या दशकातल्या एका नोव्हेंबरच्या सकाळी तो येत होता आणि मी टेबलाशी बसले होते.

टेबलावर अमेरिकेतून आलेली गुणपत्रिका होती. तिकडच्या महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी मी बारावीच्या अभ्यासासोबत चार विषयांच्या परीक्षा दिल्या होत्या: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इंग्रजी साहित्य. महाविद्यालयं तीनच विषयांचे गुण मागत. कोणते तीन कळवायचे ते सोबतच्या फॉर्मवरची वर्तुळं काळी करून आपण ठरवायचं. चौथा कुणाच्या दृष्टीस पडत नसे. मात्र एकदा कळवलेले गुण परत घेता येत नसत. पहिले तीन उत्तम होते. साहित्याचे इतके कमी, की त्या आकड्याकडे मी तिरक्या नजरेनंच पाहत होते. आणि मला शिकायचं होतं साहित्य.

चूक कुठे झाली ते मला ठाऊक होतं. परीक्षेतल्या एका कवितेत ओसाड शेतावर हिवाळा उतरला होता. तिच्याखाली पाच अर्थ दिलेले. त्यांतला एक निवडायचा. मी मराठी शाळेत वाढलेली. कविता मोठ्यानं म्हणायची, चालीत घोळवायची, अर्थ आपसूक येऊ द्यायचा, एवढंच मला शिकवलं होतं. मला तीन अर्थ खरे वाटले. ओठ हलवत मी त्याच पानावर बसून राहिले आणि वेळ संपली.

वडील विमान कारखान्यात तपासणीला होते. तिथे प्रत्येक सुट्या भागासोबत एक कार्ड फिरे. त्यावरचं चुकलेलं माप लपवायचं नाही. एक रेघ मारायची, शेजारी सही करायची, हा त्यांचा धर्म. त्यामुळे ते काय म्हणतील हे मी गृहीत धरलं होतं.

त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"साहित्य राहू दे. बाकीचे तीन पाठव."

"पण मला साहित्यच शिकायचंय, बाबा."

"म्हणून तर."

"कार्डावरचं माप दडवायचं नसतं, म्हणता ना तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढला. "ते विमान असतं गं. त्यात माझी मुलगी बसलेली नसते."

वडील भ्यालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. माझी भीती निदान ओळखीची होती. जिभेवर पितळेसारखी तिची चव मला पाठ होती. त्यांची पाहिली आणि पायांखालची फरशी एकाएकी गार लागली. त्यांनाच खात्री नसेल, तर मग ती असणार कुणाला?

"एवढंसं वर्तुळ काळं करायला दोघं लागतात होय?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "शनिवार आहे. पोस्ट लवकर बंद होतं."

वडील चपला घालायला उठले. समोर फॉर्म, त्यावर चार रिकामी वर्तुळं. साहित्य दडवलं, तर तिकडच्या महाविद्यालयांना हवी असलेली कुणी वेगळीच मुलगी माझ्या नावानं तिथे जाईल, आणि चार वर्षं मी तिच्या आडून बोलत राहीन. कळवलं, तर कदाचित कुणीच जाणार नाही. दोन्हींनी सारखाच घाम फुटत होता. मी गणित भरलं. रसायनशास्त्र भरलं. मग पेन्सिल उचलली, भौतिकशास्त्र ओलांडलं आणि साहित्याचं वर्तुळ इतकं गच्च भरलं की कागद पाठीमागून उमटला. वडिलांना सांगितलं मात्र नाही.

पोस्टात डिंकाचा आंबूस वास कोंडला होता. खिडकीपाशी जाण्याआधी वडिलांनी सवयीनं पाकिटातून फॉर्म काढला आणि बोट ठेवत ठेवत शेवटची तपासणी सुरू केली. पहिलं वर्तुळ. दुसरं. मग बोट थांबलं. मागच्या माणसानं "चला, काका," म्हटलं. ते हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी कागद जुन्या घडीवर दुमडला, पाकिटात सरकवला आणि पाकीट माझ्यापुढे धरलं.

"चिकटव."